शाकारणीला पैसे नाहीत, पाडायला आहेत

गिरगावच्या खोताच्या वाडीतलं, माझगावच्या म्हातारपाखाडीतलं किंवा वांद्र्याच्या रणवारमधलं एखादं दुमजली घर उतरवलं जातं, तेव्हा कारण एका वाक्यात दिलं जातं: घर जुनं झालं होतं. सागवानी सांगाड्याच्या घराला हे कारण लागू पडत नाही. सागवान कोरडं राहिलं आणि त्याला वाळवी लागली नाही, तर दीडशे वर्षांतही त्याचं फारसं बिघडत नाही. बिघडवतं ते पाणी. आणि पाणी लाकडापर्यंत पोचतं ते कोणीतरी काहीतरी केल्यामुळे किंवा करायचं टाळल्यामुळे. यातल्या काही गोष्टी घरात ठरलेल्या असतात, बऱ्याचशा मंत्रालयात आणि महापालिकेत.

मुंबईत अशी घरं वाचवण्याची चर्चा सुरू झाली की ती वारसा यादीवर येऊन थांबते. यादीत नाव आहे का, श्रेणी कोणती, पाटी लागली का. यादीला माझा विरोध नाही, पण ती चुकीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. या शहरात घर पाडून नवं बांधायला चटईक्षेत्र (भूखंडाच्या कितीपट बांधता येतं ती मुभा) मिळतं, कर्ज मिळतं, विकासक मिळतो. मे महिन्यात कौलं परतायला, म्हणजे शाकारणीला, मात्र कुठूनही रुपया मिळत नाही. सार्वजनिक पैसा आणि नियम यांचा काटा जोवर या छोट्या वार्षिक दुरुस्तीकडे झुकत नाही, तोवर यादीतली घरंही बिनयादीतल्या घरांसारखीच जाणार.

आधी घर कसं उभं राहिलं ते पाहू, कारण दुरुस्तीचं सगळं गणित त्याच्या घडणीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला गिरगाव म्हणजे किल्ल्याबाहेरच्या नारळी-ताडाच्या बागा. १८०३ साली फोर्टात मोठी आग लागली आणि त्यानंतर दाट वस्ती तटाबाहेर सरकत गेली. खोताच्या वाडीला नाव मिळालं ते दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांवरून; खोतांकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन कुटुंबांनी तिथे घरं बांधली. मुंबई, साष्टी आणि वसईच्या या मूळच्या, घरात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेतलं १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे दिसावं हा हेतू. म्हणजे वाडीतली जुनी घरं त्या नावापेक्षाही वयाने मोठी आहेत. पर्यटकांना ती ‘पोर्तुगीज घरं’ म्हणून दाखवली जातात. कठड्याची नक्षी आणि खिडक्यांची ठेवण पाहिली तर ते समजण्यासारखं आहे. पण ओटा, खांब, तुळई आणि उतरतं कौलारू छप्पर हा ऐवज कोकणचाच आहे.

सामान दुरून यायचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ साली स्थापन झालं आणि बर्मी सागवानाचा मुंबईतला व्यापार वाढला. त्याआधी मलबारचं सागवान इथल्या गोदीत जहाजांसाठी येतच होतं. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ चा. ही सपाट, एकमेकांत अडकणारी कौलं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईत आली आणि छपरांवरची नळीची कौलं हळूहळू मागे पडली.

या घरांचा जिना बाहेर, गल्लीच्या बाजूला. त्यामागे सरळ व्यवहार होता: खाली एक बिऱ्हाड, वर दुसरं, आणि कोणालाही कोणाच्या घरातून जावं लागत नाही. खाली गल्लीला लागून ओटा, वर त्याच मापाची गॅलरी. दोन घरं, एक छप्पर, एक जोतं. ही वाटणी जागेच्या दृष्टीने सोयीची होती, पुढे कायद्याच्या दृष्टीने ती फार अडचणीची ठरली.

सांगाडा असा: दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि फळ्यांचा कडीपाट. त्याच्या वर पुन्हा खांब, मग वासे, त्यांवर कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या म्हणजे रिपा, आणि कौलं. खांबांच्या मधली जागा चुन्यात रचलेल्या विटांनी भरलेली. म्हणजे भिंत बहुतेक ठिकाणी वजन पेलत नाही, फक्त आडोसा करते. याचा मोठा फायदा असा की एखादा खांब किंवा तुळईचं टोक कुजलं, तर तेवढाच भाग टेकू देऊन बदलता येतो. काँक्रीटच्या इमारतीत आतली सळई गंजली की गंज फुगून वरचं काँक्रीट फोडतो आणि दुरुस्ती सगळीकडे पसरत जाते. लाकडी सांगाड्यात रोग जागच्या जागी सापडतो, वेळेवर पाहिलं तर.

वेळेवर म्हणजे कधी, हे कळण्यासाठी घर कुजतं कोणत्या क्रमाने ते बघावं लागतं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. एक कौल फुटलं, तर पहिल्या वर्षी फक्त खालची रीप भिजते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रीप वाकते, शेजारची कौलं सरकतात आणि पाणी वाशावरून घरंगळत वळचणीकडे जातं. तिथे वाशाचा पाय भिंतीवरच्या आडव्या तुळईवर बसलेला असतो. हा सांधा झाकलेला, हवा न खेळणारा. लाकडातला ओलावा वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला घर मिळतं. इथून पाणी खांबाच्या डोक्यात उतरतं, मग मधल्या मजल्याच्या तुळईच्या टोकात. वरच्या खोलीतल्या माणसाला फक्त छतावर पिवळट डाग दिसत असतो. खालच्या बिऱ्हाडाला काहीच दिसत नाही, आणि एके दिवशी त्यांच्या डोक्यावरची तुळई भिंतीतून दोन बोटं खाली आलेली असते. सुरुवात एका कौलाची, शेवट धोकादायक इमारतीच्या नोटिशीत, आणि मध्ये आठ-दहा पावसाळे गेलेले. त्यातल्या कुठल्याही मे महिन्यात हे थांबवता आलं असतं.

ते थांबवण्याचं काम म्हणजे शाकारणी. ऐंशी चौरस मीटरचं घर धरलं आणि छपराचा उतार तीस अंशांचा, तर छपराचं क्षेत्र नव्वदच्या थोडं वर जातं. चौरस मीटरला साधारण पंधरा मंगळुरी कौलं, म्हणजे चौदाशेच्या आसपास. एकेक कौल दोन ते तीन किलोचं. आढ्याकडून खाली उतरवत यायचं, रिपा तपासायच्या, मग वळचणीकडून वर लावत जायचं. उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर केसाएवढी चीर आहे. पाच ते दहा टक्के जादा कौलं हाताशी लागतात. जाणते कारागीर असतील तर चार माणसांचं आठवड्याच्या आतलं काम.

यात चुका होतात त्या नेहमीच्याच. नवी कौलं जुन्यांत मिसळली जातात. पण प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा, खोबण नीट बसत नाही आणि नेमकं तिथून पाणी शिरतं. म्हणून जुनी निवडक कौलं छपराच्या एका पाख्यावर (उतारावर) एकत्र करायची आणि नवी दुसऱ्या पाख्यावर लावायची. नव्या कौलांच्या मापाने रिपांचं अंतर पुन्हा आखावं लागतं, ते कोणी आखत नाही. केबल, डिश किंवा इंटरनेटची तार ओढायला आलेला मुलगा कौलाच्या मधोमध पाय देतो. पाय द्यायचा तो खालच्या कडेवर, जिथे दोन कौलं एकावर एक येतात आणि खाली रीप असते. आणि शेवटचा उपाय म्हणून निळी ताडपत्री. जूनमध्ये गळती लागली तर ताडपत्री टाकण्यावाचून गत्यंतर नसतं, पण ती दसऱ्यानंतरही तशीच राहते. मग वरचं पाणी अडतं, खालची वाफ मात्र बाहेर जात नाही आणि वासे आतून घामेजतात. ताडपत्री तीन वर्षं राहिलेल्या छपराचे वासे उघडून पाहिले, तर ते उघड्या छपराच्या वाशांहून वाईट निघतात.

सिमेंटने केलेलं नुकसान याहून मोठं आहे, आणि ते चांगल्या हेतूने केलेलं आहे. विटा चुन्यात रचलेल्या, गिलावा चुन्याचा. अशी भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि हिवाळ्यात सोडते. वरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लॅस्टिक रंग चढवला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती जोत्यातून वर चढते, क्षार विटेच्या आत साठतात, विटेचं पीठ होतं आणि एक दिवस सिमेंटचा अख्खा पापुद्रा हातात येतो. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत रुतलेली तुळईची टोकं ओल्या भिंतीत बंदिस्त होतात. घरमालक म्हणतो, ‘अहो, पाच वर्षांपूर्वीच सगळं प्लास्टर नवीन केलंय.’ सुतार ते ऐकून आधी तुळयांकडे बघायला जातो.

चुन्याचं काम अवघड नाही, सावकाश आहे. कळीचा चुना भिजवून, गाळून तीन-चार आठवडे तरी पाण्याखाली मुरवायचा. ओलीच्या भिंतीला एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी) आणि दोन भाग वाळू. एक थर दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जाड नको. पहिला थर आवळला की दुसरा, आणि नंतर दहा-पंधरा दिवस ओल्या गोणपाटाने भिंत दमट ठेवायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला आठवडे लागतात, म्हणून हे काम मार्चपर्यंत आटोपायला हवं. मेच्या शेवटी घाईत केलेला गिलावा जूनच्या पहिल्या झडीत धुऊन जातो. मग ‘चुना टिकत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वर्षी सिमेंट येतं. कंत्राटदाराला चुना परवडत नाही हेही खरंच. त्याचे पैसे कामाच्या मापावर ठरतात आणि मुरवण्याच्या महिन्याचं माप कोणी धरत नाही.

तिसरी गोष्ट स्लॅब. कडीपाट डळमळू लागला की लोखंडी गर्डर टाकून काँक्रीटचा स्लॅब ओतायचा, ही मुंबईतल्या दुरुस्तीची सर्वांत रुळलेली पद्धत. हिशेब करून बघा. चार बाय पाच मीटरची खोली, म्हणजे वीस चौरस मीटर. कड्या आणि फळ्यांचा मजला चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो, म्हणजे खोलीला सात-आठशे किलो. बारा सेंटिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलो, त्यावर मसाला आणि लादी आणखी शंभर. खोलीचं वजन झालं आठ टन. दहापट. सागवानाचा खांब लगेच चिरडत नाही, ते लाकूड दमदार आहे. पण खाचेत बसवलेले सांधे आणि तळखड्याखालचा मूळचा उथळ पाया या वजनासाठी नव्हता. शिवाय मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येते आणि भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. वर जड, खाली सडपातळ असं घर आपण स्वतःच्या पैशाने तयार करतो. मग स्थापत्य तपासणीत ते नापास झालं की दोष लाकडाला.

तुळईचं कुजलेलं टोक सांधण्याची रीत सुतारांना शतकभर माहीत आहे. आधी टेकू, आणि दुमजली घरात वरच्या टेकूच्या बरोबर खाली खालचा टेकू हवा, नाहीतर वरचं वजन मधल्या कडीपाटावर येतं. तुळई दोन-चार मिलिमीटरच उचलायची, जास्त उचलली तर वरच्या भिंती चिरतात. कुजलेला भाग कापून धडधाकट लाकूड लागलं की आणखी वीतभर मागे जायचं. तिरका सांधा तुळईच्या उंचीच्या तिप्पट-चौपट लांब, स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी आवळलेला. नवीन तुकडा जुन्या, पूर्ण वाळलेल्या सागवानाचाच हवा. ताजं लाकूड सुकताना आकसतं आणि सांधा ढिला होतो. भिंतीत शिरणाऱ्या टोकाभोवती दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा सोडायची. ही जागा सिमेंटने भरून ‘पॅक’ करणारा गवंडी काम नीटनेटकं करत असतो आणि पुढच्या कुजण्याची सोयही.

घराबाहेरून येणारं संकट वेगळं. वाडीतली गल्ली दर काही वर्षांनी नव्याने होते: आधीचं न खरवडता वर काँक्रीट, त्यावर पेव्हर ब्लॉक. दर वेळी पातळी चार-सहा बोटं चढते. दोन-तीन फेऱ्यांत ओट्याची पायरी नाहीशी होते, जिन्याच्या तळच्या दगडी पायऱ्या गाडल्या जातात आणि ज्या तळखड्याने खांबाला जमिनीपासून वर धरलं होतं तोच जमिनीखाली जातो. लाकूड थेट ओल्या मातीला टेकलं की वाळवीला मातीची नळी बांधायचीही गरज उरत नाही. याला वारसा समिती लागत नाही, नवे कायदे लागत नाहीत. गल्लीच्या कंत्राटात ‘जुना थर खरवडून मूळ पातळी राखणे’ एवढं एक कलम आणि काम संपल्यावर पातळीचं मोजमाप पुरे आहे.

न्हाणीघराबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे रहिवाशांची गरज खरी आहे. ही घरं उठली तेव्हा पाणी विहिरीचं. विहार तलावाचं पाणी शहरात आलं १८६० साली, तानसाचं १८९२ साली. धुणं-नहाणं खाली, मागच्या बाजूला. विसाव्या शतकात नळ वर आला आणि वरच्या बिऱ्हाडाने कडीपाटावरच कोबा करून मोरी आणि संडास घेतला. त्यात पाचशे लिटरची टाकी, म्हणजे अर्धा टन, एका कोपऱ्यात. मोरीचं पाणी जिथून नळात उतरतं त्या नहाणी ट्रॅपचा सांधा गळला की खालच्या कड्या आत आत कुजतात, कारण हे पाणी पावसाळ्यापुरतं नसतं, बारमाही असतं. आजच्या माणसाला वर संडास नको असं सांगणं हा दुष्टपणा आहे. तो मागच्या भिंतीला लागून, स्वतःच्या स्वतंत्र लोखंडी चौकटीवर आणि स्वतःच्या पायावर उभा करायचा, नळ सगळे उघड्यावर ठेवायचे आणि टाकी त्याच चौकटीवर बसवायची. घरगल्लीच्या, म्हणजे दोन घरांमधल्या मागच्या बोळाच्या, बाजूला यासाठी दीड-दोन मीटर रुंदीची परवानगी लागते. आज ती मागायला गेलं की वाढीव बांधकामाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून लोक परवानगी न मागता कडीपाटावरच मोरी करतात. नियमाने वाईट पर्याय सोपा करून ठेवलाय.

आता पैशाकडे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. फाळणी आणि टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण आवश्यकच होतं. पण ती तात्पुरती व्यवस्था अर्धशतक तशीच राहिली. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. समजा तेव्हा भाडं महिना साठ रुपये होतं. चार टक्क्यांनी पंचवीस वर्षांत ते एकशे साठच्या आसपास जातं. याच कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी मालकावर आहे. त्याने केली नाही तर भाडेकरू पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो, मात्र एका वर्षात वार्षिक भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. एकशे साठ गुणिले बारा, भागिले चार: चारशे ऐंशी रुपये. यात एका सुताराचा एक दिवस भरत नाही. कायद्यात हक्क आहे, कर्तव्य आहे, दोन्ही कागदावर बरोबर आहेत, आणि छप्पर गळतंय.

दुमजली घरात यात एक गाठ जास्त असते. वरच्याला गळतीचा त्रास, खालच्याला ओलीचा. कौलांचा खर्च निघाला की खालचा म्हणतो, ‘माझ्याकडे तर काही गळत नाही.’ जोत्याचा निघाला की वरचा तेच म्हणतो. वर सांगितलेली कुजण्याची साखळी पाहिली तर दोघेही चूक आहेत. पण छप्पर आणि जोतं हे दोन्ही मजल्यांनी ठरावीक प्रमाणात वाटून घ्यावं असं त्यांच्यावर बंधन घालणारी सोपी तरतूद नाही. पागडीला, म्हणजे भाड्याचा हक्क देता-घेताना भाड्याशिवाय मोजल्या जाणाऱ्या रकमेला, १९९९ च्या कायद्याने मान्यता दिली. हस्तांतराच्या वेळी मालकाला रिवाजाने तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रक्कम मिळते आणि ती घराच्या एका रिपेवरही खर्च करायचं बंधन त्याच्यावर नाही. हा सर्वांत मोठा वाया गेलेला पैसा आहे असं माझं मत आहे.

राज्याने याकडे दुर्लक्ष केलं असं नाही. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, दुरुस्तीसाठी जुन्या इमारतींवर उपकर आला; सुरुवातीला १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या आणि त्यातल्या १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या. कल्पना चांगली होती. पण मंडळ हात घालतं ते इमारत धोक्याच्या उंबरठ्यावर आल्यावर, आणि दुरुस्तीला चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा आहे. ती ओलांडली आणि वरचा खर्च कोणी भरला नाही की घर दुरुस्तीपलीकडचं ठरतं. आठ-दहा पावसाळे वाट पाहायची, मग खर्च मर्यादेबाहेर गेला म्हणायचं, अशी ही रचना. पुढची पायरी विकास नियंत्रण नियमावलीतलं ३३(७), म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम: तीनचं चटईक्षेत्र (भूखंडाच्या तिप्पट बांधकाम) आणि भाडेकरूला किमान तीनशे चौरस फूट. दुसऱ्या बाजूला १९९५ पासूनची वारसा नियमावली, जी मालकाला अमुक करू नकोस एवढंच सांगते. नाकारलेल्या बांधकामाच्या बदल्यात विकास हक्क हस्तांतरित करण्याची, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करण्याचा हक्क कागदावर घेऊन विकण्याची, तरतूद तिच्यात आहे, पण शे-सव्वाशे चौरस मीटरच्या भूखंडाच्या मालकाला त्या कागदापर्यंत पोचणं हाच वेगळा धंदा होऊन बसतो.

समोरच्या, म्हणजे ही घरं पाडावीत म्हणणाऱ्या बाजूचे तीन मुद्दे गंभीर आहेत. पहिला सुरक्षिततेचा. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. अशा घटनांनंतर अधिकारी धोका पत्करणार नाहीत हे उघड आहे, आणि पत्करू नयेच. पण पाच मजली, भार वाढवत नेलेली चाळ आणि दोन मजल्यांचं घर यांना एकच तपासणी लावली जाते. महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली तीस वर्षांवरच्या इमारतींची स्थापत्य तपासणी होते. त्यासाठी वापरली जाणारी हातोडीची आणि ध्वनिलहरींची उपकरणं काँक्रीटसाठी आहेत. लाकडाला टोकदार सळई, ओलावा मोजणारं मीटर आणि बारीक छिद्र पाडून आतला प्रतिकार मोजणारं यंत्र लागतं. हे न करता ‘लाकडी, जुनी, सी-१’ (म्हणजे अतिधोकादायक) असा शेरा पडला की घर रिकामं करायची नोटीस ठरलेली.

दुसरा आगीचा, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. जाड सागवानी तुळई जळताना मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर कोळसा होत जाते, म्हणजे माणसं बाहेर पडेपर्यंत ती उभी राहते. पातळ फळ्या, पोटमाळा आणि जुन्या तारा यांचं तसं नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या वायरिंगवर दीड टनाचा एसी चालवणं ही आग ओढवून घेणं आहे. त्या एसीचं ठिबकणारं पाणी गॅलरीला खालून धरणाऱ्या लाकडी घोडीवर सोडलेलं असतं, ते वेगळंच. संपूर्ण नवं वायरिंग, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि गल्लीच्या तोंडाशी अग्निशमनाचा नळ याशिवाय या घरांच्या बाजूने बोलू नये.

तिसरा मुद्दा असा की मराठी माणूस गिरगावात टिकायचा तर टॉवरशिवाय गत्यंतर नाही. शंभर चौरस मीटरच्या भूखंडावर आज दोन मजल्यांत एकशे साठ मीटर असेल, तर तीनच्या चटईक्षेत्राने तीनशे मिळतील. एवढ्याने टॉवर होत नाही. म्हणून दहा भूखंड एकत्र करावे लागतात, आणि मग प्रश्न एका घराचा राहत नाही, दोन-तीन मीटरच्या गल्लीसकट वाडी जाते. नव्या इमारतीत लिफ्ट, पंप आणि पहारेकऱ्याचा महिन्याचा खर्च ज्याला झेपतो तो टिकतो. चाळींच्या बाबतीत पुनर्विकासाचा मुद्दा मला पटतो. तिथे दाटीच अमानुष आहे. दुमजली घरांच्या वाड्यांना तोच साचा लावायचं कारण नाही. ज्या घरांत आधीच स्लॅब पडले, तिसरा मजला चढला, खांब कापले गेले, तीही धरून ठेवण्यात अर्थ नाही. ती जाऊ द्यावीत आणि त्यांचं सागवान शेजारच्या दुरुस्तीला वापरावं.

मग काय करायचं? मूळ सामान, मूळ माप आणि मूळ जागा असलेली दुरुस्ती, म्हणजे कौलं, रिपा, वासे, तुळईचे सांधे, चुन्याचा गिलावा, ही परवानगीतून वगळून फक्त आधी-नंतरच्या छायाचित्रांसह कळवण्यावर आणावी. लाकडी सांगाड्यात काँक्रीटचा स्लॅब ओतायला मात्र बंदी हवी, दुरुस्ती मंडळाच्या कंत्राटांतसुद्धा. मंडळाच्या दरसूचीत सुताराचा सांधा आणि चुना मुरवण्याचा काळ यांना आजच्या मजुरीशी जुळणारा स्वतंत्र दर असावा, नाहीतर कोणताही कंत्राटदार गर्डरच निवडेल. पागडीच्या हस्तांतरात मालकाला मिळणाऱ्या रकमेचा ठरावीक वाटा त्याच घराच्या दुरुस्ती खात्यात जावा, आणि छप्पर व जोतं यांचा खर्च दोन्ही मजल्यांवर क्षेत्राच्या प्रमाणात बसावा, गळती कोणाकडे आहे ते न विचारता. विकास हक्काचे कागद छोट्या तुकड्यांत, दुरुस्तीचा टप्पा पुरा झाल्यावर त्या प्रमाणात मिळावेत. घर उभं राहील तसा पैसा हातात येईल.

आणि निधी द्यायचा तर तो पावसाच्या वेळापत्रकाने. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो, नवं वर्ष एप्रिलला सुरू होतं, निविदा निघेपर्यंत जून उजाडतो आणि शाकारणीचा पैसा पावसात वाटला जातो. चुन्याला मार्च हवा, कौलांना मे. त्यामुळे अर्ज गणपती झाल्यावर घ्यावेत, पाहणी दिवाळीपर्यंत व्हावी आणि पुढच्या वर्षाची रक्कम चालू वर्षाच्या तरतुदीतूनच डिसेंबरात हातात पडावी. चौदाशे कौलांच्या घरासाठी निविदाही नको. वाडीतल्या घरमालकांनी आणि भाडेकरूंनी मिळून नेमलेल्या सुताराला अर्धी रक्कम आधी आणि उरलेली पहिल्या मोठ्या पावसानंतर, छपराखाली उभं राहून खात्री केल्यावर.